एक राहिलाय

"मामा, ऊन त्या कपारीवर आलं की घंटेवर दोन टोले द्या. मी फाट्यावर जाऊन येतो," दाजी आबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले.

आबांनी बिडीचा धूर बाजूला सोडला. "न्हाय."

"दोनच टोले वो."

"मी हात लावायचा न्हाय त्याला."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी तराफ्यावर जायच्या तयारीत होतो. कमरेला दोऱ्याचं भेंडोळं, मनगटाला सुतळीनं बांधलेला चाकू.

"मग मासे उपाशी ठेवू काय?" दाजी म्हणाले. "रविवारी पुण्याची माणसं यायचीत. सरपंच बारीक दिसला तर देवस्थळी सर मलाच गळाला लावतील."

आबांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांचा डावा कान पार गेलेला, उजवा गेल्यातच जमा. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून त्यांना कळायचं. ते म्हणाले, "माणसं यायची त्या टोल्यांना. तुमी मासे बोलावताय."

"बरं, मी येतोच तोवर," दाजी मला म्हणाले. "तू तेवढी जाळ्याची भोकं शिवून घे. आणि तिमा, भिऊ नको. सरपंचाला आज चतुर्थी आहे."

"गप जावा," मी म्हणालो.

दाजींनी मोटरसायकलला किक मारली आणि ते गेले. खाणीवर मी आणि माझे वडील, आबा, राहिलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी विशीत होतो. पण अजूनही कधी तोंडावर पांघरूण आलं की मी झटकून उठून बसतो. बायको विचारते, काय झालं. काय सांगणार.

तर सरपंच म्हणजे मासा. शिवडा. ज्यांनी शिवडा बघितला नाही त्यांनी असं समजा, की एका माशाचं सगळं अंग तोंडातच गेलंय. जबडा डोळ्यांच्या मागंपर्यंत फाटलेला, आत करवतीसारखे बारीक दात, आणि अंगाला खवला नाही. पाण्यानं भरलेल्या आमच्या जुन्या खाणीत असे पंधरा-वीस होते. त्यातला सगळ्यात मोठा माझ्या छातीपर्यंत यायचा. खायला कायम पहिला, म्हणून दाजींनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं.

हे मासे आम्ही खायला पाळले नव्हते. विकायलाही नाही. पुण्याहून हौशी माणसं यायची, दिवसभर गळ टाकून बसायची, मासा लागला की त्याच्याबरोबर फोटो काढायची आणि परत सोडून द्यायची. मासा जेवढा मोठा तेवढी माणसं जास्त. आबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "सोडायचाय तर धरता कशाला," म्हणायचे.

मासा मोठा करायचा कसा, हे मी फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. इंग्रजी येत नव्हतं, नुसतं बघायचो. आधी आमच्या मालकांनी, देवस्थळी सरांनी, सांगितलं होतं, की तिकडे अमेरिकेत तळ्यात ट्राऊट नावाचा मासा सोडतात, माणसानं खावा म्हणून नाही, तर बास नावाच्या दुसऱ्या माशानं खावा म्हणून. ट्राऊट लांबोळका, मऊ, पाठीवर काटे नाहीत. बासला दिवसभर चिंगळ्यांमागं पळायला नको. एक गिळला की बसला पोट धरून. पळण्यात जाणारं बळ अंगावर चढतं.

आमच्याकडे ट्राऊट कुठला? आधी आम्ही चिलापी सोडली. फुकटात मिळायची. पण चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. एक शिवडा मेलेला सापडला, घशात चिलापी उभी अडकलेली. मग मी मृगळाची बोटभर पिल्लं आणायला लागलो. लांबोळकी, मऊ, बिनकाट्याची. आमचा गरिबांचा ट्राऊट. फाट्यावरचे लोक आम्हाला हसायचे. "अलकुंट्यांनी आता माशाला मासा चारायला काढलाय."

पिल्लं आणली की लगेच सोडायची नाहीत. आधी हाप्यात ठेवायची. हापा म्हणजे बारीक जाळ्याचा मोठा पिंजरा, तराफ्याखाली पाण्यात लोंबणारा. तराफा आम्हीच केलेला, लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून. पिल्लं पाण्याला सरावली की रोज ठरल्या वेळी थोडी थोडी सोडायची. सोडायच्या आधी घंटेवर दोन टोले. महिन्याभरात शिवडे इतके शिकले, की टोले पडले की खाणीच्या सगळ्या कोपऱ्यांतून पाण्यावर रेघा उठायच्या आणि तराफ्याकडे यायच्या. मला बघायला आवडायचं. मीच शिकवलं होतं त्यांना.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. खडकात ठोकलेल्या लोखंडी कोनाला टांगलेला. तो आमच्या आधीपासून तिथं होता, खाण चालू होती तेव्हापासून.

आम्ही वडार. ही खाण आमच्याच माणसांनी फोडली. आबा सुरुंगवाले होते. भोकं मारून दारू भरायची, वाती पेटवायच्या, आडोशाला पळायचं आणि मोजायचं. जेवढे पेटवले तेवढे उडाले पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी सुरुंगवाला ओरडायचा, "एक राहिलाय." मग कोणी जागचं हलायचं नाही. सगळे मोजून झाले की घंटेवर दोन टोले. म्हणजे या, कामाला लागा.

खाण बंद पडली, पंप थांबले, पाणी भरलं. आबांची मोजायची सवय राहिली. गाडीतून उतरलेली माणसं मोजायचे. ताटातल्या मिरच्या मोजायचे. माझी बहीण म्हणायची, "आबा, भाकरी मोजू नका, अजून हायत." मी पाण्यात उतरलो की किती वेळा खाली गेलो तेही मोजायचे. ओठ हलताना दिसायचे.

माझी आई याच खाणीत गेली. मी तेव्हा झोळीतला होतो. एक सुरुंग उशिरा उडाला, वात खराब निघाली, एवढंच मला माहीत होतं. सगळ्यांनाच तेवढंच माहीत होतं. ती जागा पाण्याखाली नक्की कुठं आहे ते आबांनी कधी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यामुळं मला सगळी खाणच ती जागा वाटायची. पोहायला येत होतं. पण डोकं पाण्याखाली गेलं की भीती वाटायची. रोज वाटायची.

त्या दिवशी हाप्याला खालून भोकं पडली होती. शिवडे धडका द्यायचे, पिल्लांच्या वासानं. दम धरून खाली जायचं, दोन टाके घालायचे, वर यायचं. असं चालू होतं. काठावर आबा दगडावर बसले होते. त्यांच्या शेजारी खडकात ठोकलेली पहार, पहारीला तराफ्याची तार बांधलेली.

शेवटचं भोक अगदी तळाला होतं. थंडी सरत आलेली, पाणी वरवर कोमट, पण खाली बर्फ. मी टाका घातला, दोरा कापला आणि वर यायला पाय मारला.

पाय वर आलाच नाही.

हाप्याच्या काठाला एक जाड दोर होता. त्याचा फास घोट्याला बसला होता. मी ओढलं, तो आवळला. चाकूसाठी मनगट चाचपलं तर नुसती सुतळी. चाकू गेला होता. मी वाकून हातानं सोडवायला गेलो, बोटं गारठलेली, नायलॉनचा दोर, काहीच लागेना. छाती फुटायला आली. मग मी सगळं सोडून वर उसळलो आणि डोकं फळीवर आदळलं.

तराफ्याच्या बरोबर खाली आलो होतो.

दोन पिंपांच्या मधे, पाणी आणि फळी यांच्या मधे, वीतभर जागा होती. तिथं मी तोंड घातलं आणि हवा ओढली. गंजाचा वास असलेली हवा. अशी हवा मी परत कधी घेतली नाही. मान वाकडी, एक कान पाण्यात, पाय खाली ताणलेला. आणखी एक वीत जरी फास खाली असता तर तोंड पोचलं नसतं.

डोळ्यांवर उजेडाची पट्टी पडली होती. फळ्यांमधली फट. मी मान वळवली तर फटीतून काठ दिसला. तार, पहार, आणि पहारीशेजारी आबा.

हाकेच्या अंतरावर. पण समोरच्याला हाक ऐकू आली तर.

"आबा," मी ओरडलो. "आबा, पाय अडकलाय."

आबा काडी ओढत होते. विझली. दुसरी ओढली.

"आबा. वर बघा. आबा."

मी फळी खालून बडवली. पिंप बडवलं. आवाज माझ्याच डोक्यात घुमला. मग मी दोन बोटं फटीतून वर घातली आणि जोरजोरात हलवली.

आबांनी बघितलं. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी हात वर केला आणि तशीच दोन बोटं हलवली.

"दिसतंय," ते म्हणाले. "बांध नीट. घाई करू नको."

मला हसू आलं का रडू आलं ते आठवत नाही. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. ठसक्यानं फळीवर कपाळ आपटलं. आणि तेव्हा मला डाव्या पिंपातून आवाज आला. गुडूक. थोडा वेळ काही नाही. परत गुडूक. माझ्या बडवण्यानं गंजलेला पत्रा फुटला होता. पिंप पाणी पीत होतं.

आणि काठावर आबा बोलायला लागले.

आधी मला कळेना कोणाशी. आसपास कोणी नव्हतं. पाण्याकडं बघून, सावकाश, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"तुझ्या आईला हितं पाणी बघवलं नसतं," ते म्हणाले. "तिला पाण्याचं लई भ्या. नदीला धुणं धुवाय गेली तर दगडावरनं खाली उतरायची न्हाय. तू तिच्यावर गेलास. खाली जाताना तुझं तोंड बघतो मी."

"आबा, दोर ओढा. तारेला हात घाला नुसता."

"तरी जातोस. रोज जातोस."

गुडूक.

"आबा, पाया पडतो. मी हितं आहे. फळीखाली."

"तू खाली गेलास की मला बोलाय येतं. वर आलास की तोंड उघडत न्हाय. तू बघतोस ना माझ्याकडं."

मी फटीला तोंड लावून किंचाळलो. त्यांनी बिडीची राख झटकली.

इतकी वर्षं मी समजत होतो ते मोजतायत. किंवा देवाचं नाव घेतायत. मी वर यायचो तेव्हा ओठ थांबायचे. मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं काय.

"नऊ लावले होते त्या दिवशी," आबा म्हणाले.

मी परत खाली वाकलो. पाण्यात डोकं घालून फासाला बोटं लावली. नख उपटलं, ते नंतर कळलं, तेव्हा नुसतं काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. आजूबाजूला पिल्लं अंगाला लागत होती, गार, चमच्यासारखी. एक टाका उसवला होता आणि ती बाहेर पडत होती. वर आलो. वीतभर जागेची आता चार बोटं राहिली होती. ओठ फळीला टेकवून हवा घेतली.

आबांचं बोलणं थांबलं नव्हतं.

"...कान तवाच गेलते. मुकादमाला सांगितलं असतं तर घंटा दुसऱ्याकडं गेली असती. मी कुणाला कळू दिलं न्हाय. धूर बघून मोजायचो. धूर उठला की एक. आरामात जमायचं. पर त्या दिवशी वारं आपल्याकडं हुतं. सगळा धूर एकच झाला."

मी गप्प झालो होतो. भीती गेली नव्हती. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत येत होतं.

"आठ झाले का नऊ झाले, मला काय कळंना. सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती. इचारावं कुणाला? सुरुंगवाल्यानं इचारायचं किती उडाले म्हणून?"

गुडूक.

"मी हातोडा उचलला. दोन टोले दिले."

त्यांनी बिडी दगडावर विझवली. बराच वेळ चिरडत राहिले.

"ती पहिली उठली. कायम पहिली उठायची, पाटी घेऊन. बाकीच्या बाया अंगावरची धूळ झाडत बसायच्या. तिचा लई इश्वास त्या टोल्यांवर."

मला फटीतून त्यांचं तोंड नीट दिसत नव्हतं. हात दिसत होता. तारेवर ठेवलेला.

 मग ते वेगळ्या आवाजात म्हणाले, "तिम्या?"

मी बोटं वर घालायला गेलो. तराफा डावीकडे कलला होता, फट माझ्यापासून सरकली होती. हात पोचेना.

"तिम्या, लई वेळ झाला रं."

ते उठले. मला त्यांचे पाय दिसले, पाण्याच्या अगदी कडेला आलेले. आबा कधी कडेला येत नसत.

"पाच गेलास," ते म्हणाले. स्वतःशीच. "पाच गेलास. वर किती आलास?"

आणि त्यांच्या मागं मोटरसायकलचा आवाज आला. मला आला, त्यांना नाही. दाजी आले होते. गाणं गुणगुणत होते. गाडी स्टँडला लावल्याचा खटका ऐकू आला. ऊन कपारीवर आलं होतं. दाजी आबांकडे न येता सरळ घंटेकडे वळले असणार, कारण लगेच मला हातोडा उचलल्याची खणखण ऐकू आली.

"दाजी," मी म्हणालो. तोंडात पाणी होतं. नुसता बुडबुडा आला. "दाजी, नको."

दोन टोले पडले.

पाण्याखाली तो आवाज कसा येतो ते मला तोवर माहीत नव्हतं. खडकातून येतो. सगळीकडून एकदम येतो. दातांत येतो. मग शांत झालं. मग पिल्लं माझ्या पायांशी गोळा झाली, सगळी एका जागी, एकमेकांना चिकटून, थरथरत. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. खाणभरचे शिवडे निघाले होते आणि मी हाप्याला बांधलेला होतो.

पहिली धडक मांडीला बसली. माणसानं खांदा मारावा तशी. दुसरी हाप्यावर, सगळं जाळं हललं, फास आणखी आवळला. मग किती ते कळलं नाही. गुळगुळीत जड अंगं दोन पायांच्या मधून जात होती. मिशा लागत होत्या. मी पाय झाडत होतो आणि झाडल्यामुळं ते जास्त येत होते, कारण पळणारा, थरथरणारा, तोच त्यांचा घास. हे मीच व्हिडिओत बघितलं होतं. घास हलला पाहिजे.

मग माझी टाच कोणीतरी तोंडात धरली.

दुखलं नाही. आधी नुसतं धरलं. खरखरीत, घट्ट, पोत्यात पाय घातल्यासारखं. आणि मग गदागदा हलवलं. मी किंचाळलो आणि किंचाळण्यात होती तेवढी हवा गेली. वर तोंड नेलं तर फळी आणि पाणी यांच्यात काही नव्हतं. पिंप भरलं होतं.

तेव्हा मी आबांचा आवाज ऐकला. बहिऱ्या म्हाताऱ्याचा नव्हे. सुरुंगवाल्याचा.

"एक राहिलाय."

खाणीच्या भिंतींवरून तो परत आला. राहिलाय, राहिलाय.

पुढचं मला दाजींनी सांगितलं. आबांनी पाण्यावरच्या रेघा बघितल्या, वळले, दाजींच्या हातात हातोडा बघितला. दाजी म्हणतात, म्हातारा धावत आला आणि मला वाटलं मलाच मारतोय. हातोडा हिसकावून फेकला. दाजी म्हणाले, "मामा, काय झालं, कोण राहिलंय?" तर आबा परत तारेकडे धावले होते. पाण्यात उतरले होते, छातीपर्यंत, पायातल्या वहाणांसकट. आणि दगड ओढलेल्या त्या हातांनी तार ओढायला लागले होते.

मला एवढंच आठवतं, की डोक्यावरची फळी सरकली. अंधार सरकला. उजेडाचा एक तुकडा आला आणि त्यात मी तोंड घातलं. अर्धी हवा, अर्धं पाणी आत गेलं. मग दाजी खाली गेले, तोंडात विळा धरून, सगळ्या माशांच्या मधून. फास कापला.

काठावर मी पालथा पडलो होतो. ओकत होतो. टाचेचं कातडं लोंबत होतं, रक्त दगडावरून पाण्याकडे चाललं होतं.  दाजींनी शर्ट काढून माझ्या पायाला गुंडाळला, तीनदा गाठ मारली, तीनदा सुटली.

"सरपंचानं चतुर्थी मोडली," ते म्हणाले. आणि दगडावर बसून ढसाढसा रडले.

आबा माझ्याशेजारी बसले होते. धोतर भिजलेलं, हाताला तारेनं कापलेलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.  दाजी गाडी जवळ आणायला गेले.

मग आबांनी माझा चेहरा हातानं वर केला, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील.

"आत काय ऐकू येतं का रं?"

माझे दात वाजत होते. टाच आता दुखायला लागली होती, ठणका डोक्यापर्यंत येत होता. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. सगळी खाण माझ्या तोंडाकडं बघत होती असं मला वाटलं.

"न्हाय आबा," मी म्हणालो. "पाण्याचाच आवाज."

त्यांनी ओठ नीट वाचले. मान हलवली. हात काढून घेतला आणि बिडी शोधायला लागले. बिड्या भिजल्या होत्या.

टाच शिवली. मी दीड महिना पाण्यात उतरलो नाही. मग उतरलो, कारण उतरणारा दुसरा कोणी नव्हता. शिवडे अजून आहेत, सरपंच गेला, त्याच्या जागी दुसरा आला. मृगळाची पिल्लं अजून आणतो. नवा तराफा केला, प्लॅस्टिकच्या पिंपांचा, मधे डोकं वर काढायला मोकळी चौकट ठेवलेला. रुळाचा तुकडा दाजींनी उतरवून घरामागं टाकला. मासे आता पत्र्याच्या डब्याच्या आवाजाला येतात.

आणि एक दोरी आली. ती आबांनी आणली. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्यांच्या हातात. खाली असलो की मी दोरी एकदा ओढायची. म्हणजे मी आहे. आबांचं वय झालंय, चालवत नाही, दाजी त्यांना गाडीवर बसवून खाणीवर आणतात. दगडावर बसतात, दोरी हाताला गुंडाळतात.

मी दम भरतो आणि खाली जातो. भीती वाटते, अजून वाटते. टाके घालून होतात. जाळं नीट असतं. वर यायला काही हरकत नसते. खालून मला काठ दिसतो, पाण्यात हलणारा, आणि काठावर एक पांढरा ठिपका. त्यांचं डोकं. ते बोलत असतात.

चौकटीतून डोकं वर काढलं तर ऐकू येईल. मी काढत नाही. छाती जड होते. पायांशी काहीतरी गुळगुळीत लागून जातं आणि मला ओरडावंसं वाटतं.

मी दोरी एकदा ओढतो. आणि अजून थोडा वेळ खालीच थांबतो.